लंडनच्या डब्यावरचा हिरवा ठिपका

मानकापूर मागे पडलं तसा प्रेमिलाबाईंचा डावा पाय कुरकुरायला लागला. पण त्या थांबल्या नाहीत. नवरात्रातली पहाट होती. कोराडीच्या देवीला पायी निघालेली माणसं रस्त्याच्या कडेकडेने चालली होती आणि त्यांच्यात प्रेमिलाबाई पदर खोचून, खडा चुकवत, अनवाणी चालत होत्या. शेजारची हर्षा त्यांच्या चपला पिशवीत घालून बाजूने चालत होती. जरीपटक्याहून निघाल्यापासून तिने ती पिशवी कितीदा तरी पुढे करून पाहिली होती.

"काकू, घाला आता. इथून पुढं गिट्टी आहे."

"राहू दे वं."

"दरवर्षी तर चपला घालून येता. देवीनं कधी काही म्हटलं नाही."

"यंदा मीच म्हटलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

हर्षाने पिशवी मागे घेतली. ती दोन घरं सोडून राहायची, एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. प्रेमिलाबाईंशी तिचं नातं ब्लाउज शिवून घेण्यापासून सुरू झालं आणि मग संध्याकाळच्या चहापर्यंत आलं. राखीपासून काकूंचं काहीतरी बिनसलं आहे हे तिला दिसत होतं. मशीन चालायची, पण काकू बोलायच्या नाहीत.

पुढच्या वळणावर एका मंडळाने मांडव टाकून चहा आणि साबुदाण्याची उसळ ठेवली होती. प्रेमिलाबाईंचा उपास दर्शनापर्यंत कडक होता, त्यांनी नुसता चहा घेतला. कप हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हर्षा, नकळत पाप झालं त थे कोनाच्या नावावर जाते वं?"

मग चालता चालता सगळं निघालं.

प्रेमिलाबाईंचं सासर कन्हानजवळच्या खेड्यातलं. शेती मोठ्या दिराकडे, म्हणजे बापूजींकडे. धाकटा भाऊ, प्रेमिलाबाईंचा नवरा, हिंगण्याच्या कंपनीत लागला आणि नागपुरात राहायला आला. कंपनीची बस अंधारातच यायची. मुलगा जितेंद्र दहावीत होता तेव्हा नवरा गेला. तेराव्याच्या दिवशी बापूजी अंगणात उभे राहिले आणि आपल्या बायकोला, शोभाताईंना म्हणाले, "जितूच्या मायले सांग, पोराचं शिक्षण थांबत नाही." शोभाताईंनी सांगायची गरज नव्हती. प्रेमिलाबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. पण भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सरळ बोलायची रीत त्या घरात नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काय असेल ते जावेच्या तोंडून. तेव्हापासून दरवर्षी गव्हाचं आणि तुरीच्या डाळीचं पोतं नागपूरच्या दारात उतरत राहिलं, आणि त्याबद्दलही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

त्याच वर्षी बापूजींनी गळ्यात तुळशीची माळ घातली. तोवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्यांच्या हातचं मटण खायला आजूबाजूच्या गावचे लोक यायचे. धाकट्या भावाच्या नावाने त्यांनी मटण सोडलं, मासळी सोडली, अंडंही सोडलं.

जितेंद्र शिकला. इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागला. पहिल्या दिवाळीला त्याने तिकडच्या चॉकलेटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. तो राहायचा लंडनपासून कितीतरी दूर, पण घरात त्या डब्याचं नाव पडलं लंडनचा डबा. पाडव्याला सगळे कन्हानला जमायचे, आणि हळूहळू डब्याची एक रीतच होऊन बसली. आधी डबा देवापुढे ठेवायचा. हळदकुंकू वाहायचं. मग शोभाताई झाकण काढणार आणि एकेकाने डोळे मिटून हात घालायचा. हाती येईल ते खायचं, बदलून मिळणार नाही. कोणाला कॉफीचं कडू आलं की सगळं घर हसायचं. डोळे उघडे ठेवायची मुभा एकट्या बापूजींना. ते बोटाने चाळत चाळत निळ्या कागदातली चिवट वडी शोधायचे, तोंडात टाकायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत. चकचकीत कागद पोरी डोळ्याला लावून अंगणभर हिंडायच्या. जितेंद्र ज्या वर्षी यायचा नाही त्या वर्षी कोणाच्या तरी हाती डबा यायचाच.

पहिल्याच वर्षी शोभाताईंमार्फत बापूजींनी विचारलं होतं, की यात वावगं काही नाही ना. प्रेमिलाबाईंनी डबा उलटा केला. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा ठिपका शोधला. एका कोपऱ्यात हिरवा गोल होता, आत बाणासारखं काहीतरी. त्यांनी तो जावेला दाखवला. "हिरवा आहे," त्या म्हणाल्या. मग दरवर्षी त्या आधी तो गोल शोधायच्या आणि मगच डबा देवापुढे जायचा.

"मग?" हर्षाने विचारलं.

"राखीले भाची आली होती, वैभवी. जुन्या डब्यात मी दोऱ्याचे रीळ ठेवते. तिनं सहज हातात घेतला. म्हने आत्या, हा शाकाहारीचा ठिपका नाही. डब्याच्या कचऱ्याबाबतची खूण आहे. तिकडं आपल्यासारखे ठिपके नसतात. मी म्हटलं, मग वाच बाई आत काय काय हाय. तिनं भरभर वाचलं. निळ्या कागदाच्यात अंडं हाय."

हर्षाचं चालणं मंदावलं.

"नवऱ्याच्या नावानं घेतलेली माळ," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "अन् मोडली त्याच्याच बायकोनं. दरवर्षी. देवापुढं ठेवून."

त्या दिवसापासून त्यांनी कन्हानची वाटच सोडली. पोळ्याला पाय दुखतो म्हणून कळवलं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना सुद्धा गेल्या नाहीत. लग्न झाल्यापासून महालक्ष्म्यांचं जेवण त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, अगदी नवरा गेला त्या वर्षीही जावेच्या हाताखाली पुरण वाटायला त्या होत्या. आता दिवाळी तोंडावर आली होती. न जावं तर कायमचं तुटणार, आणि जावं तर त्या माणसापुढे कोणतं तोंड घेऊन उभं राहावं, हे त्यांना सुचत नव्हतं. म्हणून देवीला बोलल्या होत्या, की अनवाणी येते, काहीतरी वाट दाखव.

हर्षाने वाटेतली गिट्टी पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "काकू, राग नका मानू. देवीनं तर काही खाल्लं नाही ना?"

"म्हंजे?"

"ज्यांनी खाल्लं त्यायले सोडून तुम्ही दुसरीकडंच सांगून राहिल्या."

प्रेमिलाबाईंना ते लागलं. त्या तोंड फिरवून दोन पावलं पुढे गेल्या. कोराडीच्या वीजघराची धुराडी उजेडात दिसायला लागली होती. एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी त्या थांबल्या आणि पदराच्या टोकाने घाम पुसून म्हणाल्या, "लाव फोन. शोभाबाईले लाव. त्यायले सांगते, थे बापूजीले सांगतील."

हर्षाने फोन लावून, आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"कोन?" शोभाताई.

"मी प्रेमिला."

"प्रेमिला कोन? एक होती आमच्या घरी. महालक्ष्म्यायले बी आली नाही थे. ताट वाढून ठेवलं होतं तिचं, मांजरीनं खाल्लं."

"बाई, ऐका न."

"ऐकूनच राहिली. पाय कसा हाय? का दुसरं काही दुखते आता?"

मागून एक घोगरा आवाज आला, "कोन हाय? जितूची माय हाय का? दे इकडं."

प्रेमिलाबाईंनी भर रस्त्यात घाईघाईने पदर डोक्यावर ओढला. हर्षाला हसू आलं, तिने तोंड फिरवलं.

"जितूची माय, मी बोलून राहिलो," बापूजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी सरळ प्रेमिलाबाईंशी बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं. "तुम्ही काहून येत नाही थे मले समजते. वावराच्या धुऱ्यावरच्या आंब्याचं सांगाचं राहून गेलं. वादळात अर्धा मोडला होता, म्हून पाडला. माह्या भावाच्या हातचं झाड होतं, तुम्हाले विचाराले पाहिजे होतं. तवापासून माह्या जिवाले चैन नाही. राग असन त बोलून टाका, पन इकडं याचं बंद नका करू."

आंबा पडल्याचं प्रेमिलाबाईंना माहीतही नव्हतं. त्या स्वतःच्या चुकीने तोंड लपवून बसल्या होत्या, आणि तिकडे तो म्हातारा माणूस आपल्या चुकीने झुरत होता.

"बापूजी, आंब्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "त्या डब्यात अंडं होतं."

"कोन्या डब्यात?"

"लंडनच्या. निळ्या कागदाच्यात. मी हिरवा ठिपका दाखोला, थो त्याचा नव्हताच. वैभवीनं वाचलं तवा कळलं. दरवर्षी मी तुम्हाले..."

फोनमध्ये कुठेतरी गाय हंबरली. हर्षाने प्रेमिलाबाईंच्या कोपराला हात लावला.

"अंडं म्हंजे," बापूजींनी शेवटी विचारलं, "आम्लेटवानी?"

"नाही. पांढरं फक्त. वाळवून टाकतात म्हने."

"मी म्हनतच होती," मागून शोभाताई, "त्या निळ्यासाठी ह्यायचा जीव येवढा काहून अडकून राहते."

"तू थांब जराशी." बापूजी हळू आवाजात म्हणाले, "जितूची माय, खरं सांगू का? दोन-तीन वर्षाआधी मले शंका आली होती. येवढं चिवट, येवढं मऊ, नुसत्या साखरेचं कसं होईन म्हटलं. पन विचारलं असतं त सोडा लागलं असतं. म्हून मी विचारलंच नाही."

प्रेमिलाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"माळ माह्या गळ्यात हाय, तुमच्या नाही. विचाराचं काम माहं होतं. येत्या एकादशीले निर्जळ राहतो. माळ देनाऱ्या बुवाले बी विचारतो, थे सांगतील थे करीन. तुम्ही काही मनाले लावून घेऊ नका."

"त्या अनवाणी कोराडीले चालल्या बापूजी," हर्षा मधेच फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली.

"हे कोन बोललं?"

"शेजारची हर्षा हाय."

"बाई, त्यायले चपला घालाले सांग. पाय सुजवून दिवाळीले बसून राहतील अन् पुन्हा याचं नाही म्हनतील." मग सुनेला सांगावं तसं थोडं कडक आवाजात, "पाडव्याले या. डबा घेऊन या. पोट्टे मले विचारून विचारून पागल करून राहिले. मी नाही खाल्लं म्हून त्यायचं काहून बंद कराचं?"

फोन पुन्हा शोभाताईंकडे गेला. "आदल्या दिवशीच ये," त्या म्हणाल्या. "अनारसे माह्या एकटीच्यानं होत नाही आता." आणि फोन ठेवला.

प्रेमिलाबाई ओट्यावर बसल्या. पदर अजून डोक्यावरच होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने बरं नाही का म्हणून विचारलं. हर्षाने मान हलवून बरं आहे म्हणून सांगितलं.

"आंब्यासाठी झुरून राहिले होते वं थे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "अन् मी इकडं."

"दोघंही घरात बसून."

"दे चपला."

"अन् देवीले काय सांगाल?"

"काम रस्त्यातच झालं म्हनून सांगीन," त्या म्हणाल्या आणि धुळीने भरलेले पाय चपलेत घातले.

उरलेली वाट कधी सरली ते कळलंही नाही. प्रेमिलाबाई इतकं बोलल्या, की हर्षाला आपले पाय दुखताहेत हे सांगायलाही जागा मिळाली नाही. नवऱ्याने आंब्याचं रोप हिंगण्याच्या बसमधून मांडीवर धरून कसं आणलं ते सांगितलं. जितेंद्रला एका दिवाळीला लागोपाठ दोनदा कॉफीचं आलं होतं आणि तो रडला होता, इतका मोठा होऊन, तेही सांगितलं. देवळात रांग मोठी होती, पण धक्काबुक्की नव्हती. देवीपुढे प्रेमिलाबाई जास्त वेळ उभ्या राहिल्या नाहीत. डोळे मिटले, हात जोडले आणि बाजूला झाल्या. दरवर्षी त्या काहीतरी मागायच्या, यंदा मागायचं काही आठवलंच नाही.

बाहेर झाडाखाली बसून दोघींनी केळं खाल्लं. प्रेमिलाबाई साल हातात धरून काहीतरी विचार करत होत्या.

"हर्षा, यंदाचा डबा येऊन पडला हाय. जितूनं एकाच्या हाती पाठोला. कपाटात ठेवला, मी हात नाही लावला त्याले."

"मग आता लावा."

"थे खानार नाही अन् सगळे त्यायच्यासमोर खातील, हे मले पाहवनार नाही वं." त्या तिच्याकडे वळल्या. "तुले इंग्रजी वाचता येते. वैभवीवानी भरभर नाही, एकेक अक्षर धरून वाचतं तू, म्हून तुले म्हनून राहिली. दिवाळीच्या आधी एक दुपार माह्यासाठी काढ. चष्मा घेऊन ये. एकेक कागद डब्यावरच्या यादीशी लावून पाहू, घाई नाही करायची, न समजलं त फोनवर जितूले विचारू. अन् बापूजीले खाता येईन अशी एक तरी वडी मले त्यातून शोधून दे."