मॅडमनी सुधारलेलं पत्र

मॅडमनी माझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि पहिल्याच ओळीवर लाल पेन फिरवला.

मॅडम म्हणजे इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका. जयपूरच्या मालवीय नगरला त्यांच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मराठी मंडळातली पाच-सहा माणसं आपलं लिखाण घेऊन जमतात. मी लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांचं रक्त-लघवी तपासते. सहा वर्षं खपून इंग्रजीत कादंबरी लिहिली होती. आता दिल्लीच्या लिटररी एजंटला पत्र पाठवायचं होतं. त्याला पत्र आवडलं तर तो कादंबरी वाचणार, मग प्रकाशकाकडे नेणार. एका पानावर सगळं. म्हणून मॅडमकडे गेले. हौसेनं गेले, मूर्ख मी.

पहिली ओळ अशी होती: पॅथॉलॉजी लॅबमधल्या तीन बायकांची ही विनोदी कादंबरी आहे.

"विनोदी कोण घेणार तुझ्याकडून?" मॅडम म्हणाल्या.

मग वडील काय करतात, विचारलं. बँकेत अधिकारी होते, म्हटलं. बदलीवर जयपूरला आले, मानसरोवरला घर घेतलं. ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. आडनाव ऐकून त्यांनी काय ओळखायचं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आजोबा काय करायचे? गावची मेलेली ढोरं ओढायचे, मी सांगितलं. त्याची लाज तेव्हाही नव्हती, आजही नाही.

"मग हे घाल ना पहिल्या ओळीत. जात घाल. तेच तर विकलं जातं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कादंबरीचं एक पानही कुणी वाचलं नव्हतं. मॅडमनी स्वतःच्या हातानं ओळ लिहून दिली: मेलेली जनावरं ओढणाऱ्याची नात आपली वेदना सांगते आहे. विनोदी हा शब्द खोडला. लॅब खाली कुठेतरी ढकलली. आणि मी थँक्यू म्हणाले. अजून आठवलं की अंगाची लाही होते. त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

पाठवायच्या आधी पत्र बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आजोबांचं लिहिलं म्हणून चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत.

"अन् माही तीस वर्षं कुठं गेली वं यातून?"

मी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. बाप परीक्षा देऊन साहेब झाला, परक्या शहरात राहिला, आम्हाला शिकवलं. आणि आजोबा? त्यांनी एक दिवस भर गावात सांगितलं, उद्यापासून ओढणार नाही. मार खाल्ला, पण पुन्हा गेले नाहीत. तेही त्या ओळीत नव्हतं. आजोबांनी टाकलेला दोर मॅडमनी माझ्या खांद्यावर ठेवला आणि मी तो मिरवत घरी घेऊन आले.

पत्र फाडलं. माझं जुनंच तीन एजंटांना पाठवलं. पुढच्या बैठकीत मॅडमना तसं सांगितलं. "मग उत्तराची वाट बघू नकोस," त्या म्हणाल्या. खरंच एकाचंही आलं नाही.

आज चौथं पाठवलं. आजोबांवर लिहायचं तेव्हा लिहीन, पूर्ण लिहीन, त्यांच्या नकारासकट लिहीन. पण पुस्तक छापून यावं म्हणून त्यांना पुन्हा ढोरं ओढायला लावणार नाही. कादंबरी ट्रंकेत पडून राहिली तरी चालेल.