मित्रासाठी नेलेलं शहाळं

सोलापुरातल्या दवाखान्यात मी मित्राला बघायला गेलो, तर त्याला आदल्या दिवशीच घरी सोडलेलं. हातातलं सोललेलं शहाळं मी मोठ्या दानशूरपणे शेजारच्या खाटेवरच्या बाईंपुढे धरलं. त्या नुकत्याच डायलिसिस करून आल्या होत्या. बाटलीच्या झाकणानं त्यांना मोजून पाणी पाजणारा नवरा दचकलाच.

"हिला इख हाय ते, सायेब! पोटॅशियम लई असतंय त्यात."

मी पार ओशाळलो. त्यानं मात्र शहाळं हातातून घेतलं.

"आणा हिकडं. तपासण्या जुळल्यात आमच्या. फुडल्या म्हैन्यात माझी किडनी हिलाच बसवायची हाय. मी प्यालो काय न् ही प्याली काय, एकच की!"

तो घटाघटा पिऊ लागला. बाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "दमानं प्या की. आत माझी किडनी हाय."