डिझेलच्या टाकीचं झाकण

टिटवाळ्याच्या जागेवरचा तो छोटा ट्रॅक्टर बंद पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी मला सज्जन समजायला नको.

बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी टिटवाळ्याला थोडी जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि कुठूनसा हा बागेत चालवायचा जुना ट्रॅक्टर पैदा केला. आई होती तोवर ठीक होतं. आई गेल्यावर ते तिथे एकटेच, आणि मी कोपरच्या फ्लॅटमधून दिवसातून चारदा फोन लावतोय. गणपतीनंतर एकदा चक्कर येऊन ते मिरचीच्या वाफ्यात पडले. शेजारच्या काकूंनी बघेपर्यंत दीड तास उन्हात पडून होते. दीड तास! तेव्हापासून आमचं एकच भांडण. मी म्हणायचो, कोपरला चला. ते म्हणायचे, तिथे मला काम काय?

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा गेलेलो. पुन्हा तेच सुरू. शेवटी बाबा भडकले.

"या अख्ख्या तुकड्यात आज जेवायच्या आत ट्रॅक्टर फिरवून दाखवतो, वाल पेरायचेत. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं तर आजच्या आज तुझ्याबरोबर येतो. ब्र काढणार नाही."

"बघा हं बाबा. मग मागे फिरायचं नाही."

"मी कधी फिरलोय?"

कधीच नाही. म्हणून तर मला धडकी भरली.

इंजिन लगेच सुरू झालं. नुसतं उभं असताना काय झकास चालत होतं! मागचा माती फोडणारा रोटाव्हेटर जमिनीत उतरवला, दोन फेऱ्या झाल्या आणि लोडवर त्याचा आवाज बसायला लागला. जरा धापा टाकल्या, धूर सोडला, बंद. दहा मिनिटं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा बंद. च्यायला, हे काय नवीन?

बाबांनी एअर फिल्टर काढून झटकला. डिझेलचा फिल्टर बदलला. नळीचा बोल्ट सैल करून अडकलेली हवा काढली. "डिझेल पोचत नाहीये," ते स्वतःशीच बोलत होते. "लोड आला की कमी पडतंय." पाना दोनदा हातातून निसटला. मी पुढे झालो तर खेकसले, "लांब हो तू. पैज माझी आहे." मी आंब्याखाली बसून घड्याळ बघत राहिलो. त्यांचा घामाघूम चेहरा बघवत नव्हता, आणि काटा पुढे सरकला की आतून बरंही वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं.

बाराच्या सुमारास ते गोळी घ्यायला खोलीत गेले. मी उगाच चाळा म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने जोरात हवा आत ओढली. मी झाकण नीट बघितलं. दसऱ्याच्या पूजेला आई त्यावर नुसतं कुंकवाचं बोट टेकवायची. यंदा पूजा बाबांनी केलेली. त्यांनी कुंकू कालवून अख्खं झाकणच लिंपलेलं, वर मूठभर अक्षता. झाकणात हवा शिरायला एक बारीक भोक असतं, ते पार बुजलेलं. एक तांदूळ तर बरोबर त्यात जाऊन रुतलेला.

वरून हवा आत आली नाही तर खालून डिझेल उतरत नाही. हे मला बाबांनीच शिकवलेलं, मी शाळेत असताना. एक टाचणी घातली असती तर काम झालं असतं.

"काय बघतोस रे?" बाबा दारात उभे.

"काही नाही. डिझेल आहे का बघत होतो."

"सकाळी काठोकाठ भरलंय मी."

मी झाकण तसंच घट्ट लावलं आणि बोटाला लागलेलं कुंकू पँटला पुसलं.

या वेळी ट्रॅक्टर चालतच राहिला. झाकण उघडल्यामुळे टाकीत हवा गेलेली ना! तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या. बाबांनी तिथूनच मला हात दाखवला, तोंडभर हसत. खरं सांगतो, त्या क्षणी मी देवाला म्हटलं, जाऊ दे, चालू दे त्यांचा. पाचव्या फेरीला, तुकडा अर्धाही झाला नव्हता, आवाज बसला आणि ट्रॅक्टर थांबला.

बाबा बराच वेळ सीटवरून उतरलेच नाहीत. मी धावत जाऊन सांगू शकत होतो. गेलो नाही. मग ते उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "पंप असेल. की आणखी काही. मला कळत नाहीये. चल, बॅग भरतो."

आता ते कोपरला असतात. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. मी रात्री शांत झोपतो, खोटं कशाला बोलू!

परवा बायकोचा मिक्सर चालता चालता अडकायला लागला. तिने हाक मारली, "बाबा, जरा बघता का?" एरवी तिने विचारायच्या आत त्यांनी तो खोलून ठेवला असता. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मला नको गं विचारूस. मला त्यातलं कळेनासं झालंय आता. स्वतःच्या ट्रॅक्टरला काय झालं तेसुद्धा सांगता आलं नाही मला."

"असं काय बोलता बाबा!" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून.

"मी दुकानात टाकून येतो," मी म्हणालो, आणि मिक्सर पिशवीत घातला.