आत्यानं नांगर न घातलेली जमीन

जमनाआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या कोर्टात होतो. गाडी गाठून गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायला बसलोय, कारण कायदा मी पुस्तकांतून शिकलो, पण तो निभवायला माणसाजवळ काय असावं लागतं, हे मला या अंगठेबहाद्दर बाईनं दाखवलं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पलीकडे आमच्या खेड्यात धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, ती एकटी कसायची. त्यातली तलावालगतची मोठी बांधी गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, डोळ्यांत होती. त्यानं दोनदा अदलाबदल मागितली, आत्यानं दोनदा नाही म्हटलं. मग ऐन रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, त्याच्या माणसांनी तिचे बैल तिच्याच बांधावरून हाकून नेले. कोंडवाड्यात नव्हे, मालगुजाराच्या गोठ्यात. पाचव्या दिवशी कारभारी कागद घेऊन आला : मोठी बांधी द्यायची, गावाबाहेरची बरड घ्यायची, अंगठा उठवला की बैल मोकळे.

तिनं अंगठा दिला. बैल आणले, उरलेल्या तीन बांध्यांची रोवणी उरकली आणि चिखलाच्या पायांनी चालत गोंदियाला आली, मी तिथं वकिली करत होतो.

"मालगुजारानं माया अंगठा घेतला. आता मोडता येते का?"

"कोणी मारलं? धमकावलं?"

"नाही."

"मग दिलास काऊन?"

"बैल धरून ठेवले ना, बाबू. रोवायचे पऱ्हे पिवळे पडून राहिले होते. नाही कायच्या भरवशावर म्हणू?"

मी तिला समजावलं. बेकायदा कोणाची वस्तू अडकवून मिळवलेला होकार कायदा खरा होकार मानत नाही. पण म्हणून तो करार आपोआप बुडत नाही. ठेवायचा की मोडायचा, हे ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्यानं ठरवायचं. "पण आत्या, त्या बरडीत एकदा जरी नांगर घातलास, तर करार तुला मंजूर होता असंच धरतील."

"नाही घालत," एवढंच म्हणाली.

भंडाऱ्याच्या कोर्टात दावा लागला, तारखा पडत राहिल्या. वर्षभर तिनं त्या बरडीत पाऊल टाकलं नाही. घरातलं धान उन्हाळ्याआधीच संपलं, तेव्हा ती दुसऱ्यांच्या बांध्यांत राबायला गेली. मालगुजारानं बरडीसाठी म्हणून तुरीचं बियाणं पाठवलं. ते पोतं तिनं स्वतः डोक्यावर घेऊन त्याच्या अंगणात परत नेऊन ठेवलं. गावातली माणसं म्हणत, "हातची जमीन पडीक कायले ठेवतेस?" मलाही एकदा राहवलं नाही. म्हटलं, तडजोड करू या, तुझे हाल बघवत नाहीत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुमचा हात कोणी धरला होता का?"

"हात नाही धरला, साहेब. बैल धरले. रोवणीत बैल धरले म्हणजे मी कुठं सुटली होती?"

न्यायासनावरच्या मुनसफांनी लिहिता लिहिता मान वर केली. पण नुसत्या तिच्या सांगण्यावर भागणार नव्हतं. बैल हाकून नेणारा रैनू गोंड मालगुजाराचाच गडी होता. आत्या त्याच्या झोपडीत जाऊन इतकंच म्हणाली होती, "जे केलंस ते सांग, जास्त नको." तो आला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि बैल कोणाच्या हुकमावरून, कुठून नेले ते त्यानं सांगून टाकलं. त्याच दिवशी त्याची चाकरी गेली. आत्यानं त्याला बांधावर झोपडी घालायला जागा दिली आणि पुढे पिकातला वाटा.

करार रद्द झाला. निकाल ऐकून ती हसली नाही, रडली नाही. "चाल, बाबू. पऱ्ह्यांसाठी खारी टाकायचे दिवस आले," म्हणाली आणि स्टेशनची वाट धरली.

तेव्हापासून कोणताही दस्त करताना मी दुसऱ्या पक्षाला बाहेर बसवतो आणि अंगठा देणाऱ्याला एकट्यालाच विचारतो, "तुमचं काही कोणी धरून तर ठेवलं नाही ना?" बहुतेक जण हसून नाही म्हणतात. गेल्या आठवड्यात एक बाई हसली नाही. दुसरा पक्ष ज्या दारापलीकडे बसला होता, तिकडे तिनं एकदा पाहिलं... मग शाई लागलेला अंगठा तिनं पदराला पुसला आणि बोलू लागली.