मामाच्या चूर्णाचा नमुना

घरात तिला सगळे चुळबुळी म्हणत. आई गेल्यावर वैद्य मामानेच तिला वाढवलं, शिकवलं. आता ती प्रयोगशाळेत होती. औषधी चूर्णांत कीटकनाशकाचा अंश उरलाय का, हे तपासायचं तिचं काम. यंत्र चालू असतानाही तिला एका जागी बसवत नसे.

नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण त्या दिवशी डबी उघडली आणि तिने ती पुन्हा नाकाशी नेली. हा वास तिने डोळे मिटूनही ओळखला असता. नमुना यंत्रात घातल्यावर पडद्यावरची रेघ सरळ वर चढली, मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

तिने पुन्हा तपासलं. तेच. धुतलेली भांडी पुन्हा धुतली, खिडकीशी गेली, परत आली. शेवटी तिने प्रमुख बाईंना सांगून टाकलं, की हे चूर्ण बहुधा माझ्या मामाचं आहे, पुढची तपासणी दुसऱ्या कुणाला द्या. बाईंनी दिली. आकडा हलला नाही आणि अहवाल वर गेला.

तो मामाच्या हाती पडला त्या संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. मामा भडकलेला होता. आयुष्य औषधं कुटण्यात घालवलं, आणि आता मी विष विकतो म्हणे!

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"तू काही लपवलं नसतंस, मामा. पण नियम मोडून तुला आधी सांगितलं असतं, तर मला तुझ्याकडे सरळ बघता आलं नसतं."

तेवढ्यात मामी आतून आली. "मी रोज घेते, तेच का हे?"

मामा उठला आणि फळीवरच्या बरण्या एकेक करून खाली उतरवू लागला.

चूर्णासाठी मुळं आणणाऱ्या बाईला विचारल्यावर उलगडा झाला. ती बांधावरून खणायची, आणि पलीकडच्या मळ्यात फवारणी चालायची. मामा पुढे कित्येक दिवस भाचीशी धड बोलला नाही. पण दारोदार जाऊन विकलेल्या पुड्या मात्र त्याने स्वतः परत घेतल्या, प्रत्येकाला कारण सांगून.

मामीच्या तपासण्यांत डॉक्टरांना काही सापडलं नाही. मामा आता मुळं डोंगरावरून आणवतो आणि विकण्याआधी प्रत्येक खेप प्रयोगशाळेत देतो. ती खेप तपासतं दुसरंच कुणीतरी. निकाल येईपर्यंत भाची व्हरांड्यात येरझाऱ्या घालत असते.