अंबूबाईंच्या कोंबड्या

आमच्या घराच्या खालच्या अंगाला अंबूबाई राहतात. माहेर हिर्डोशीचं. लग्न होऊन भोरला आल्या त्यालाही जमाना झाला, पण आवाज अजून डोंगरावरचाच. एका घरात बोलल्या की चार घरांना कळतं. दुपारी माझा जरा डोळा लागला की यांची कोंबड्यांना हाक. मी कुरकुरायची आणि शरच्चंद्र, म्हणजे आमचे हे, हसायचे.

माझी कुरकुर बंद पडली ती आमच्या सेप्टिक टँकमुळे. टँक घराइतकाच जुना. पावसाळ्यात जमीन पाण्यानं भरली की शोषखड्डा पाणी पिईना आणि सगळं संडासात परत वर यायचं. गाडी बोलावून उपसून घेतला तरी चार दिवसांत पुन्हा तेच. पाहुणा आला की हे चहाच्या आधी बजावायचे, "पाणी जरा जपून हं." पाहुणे कशाला दुसऱ्यांदा येतात!

त्यात गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला आणि हातात वॉकर आला. ऐन आषाढात संडास तुंबला. अंबूबाईंच्या आळीला भुयारी गटार आधीच आलेलं, त्यांचा संडास मागच्या अंगणात. त्या छत्री घेऊन आमच्या दारात उभ्या. "काका, चला आमच्याकडं. त्यात लाजायचं काय?"

पण हे लाजायचेच. आजारानं खचले नसतील इतके त्या लाजेनं खचले. अंबूबाई छत्री धरून यांना संडासाच्या दारापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या, "म्या जरा म्होरं कोंबड्यास्नी दाणं टाकून येते." यांचं होईपर्यंत घराच्या पुढच्या बाजूला थांबायच्या. दर वेळी, धो धो पावसातसुद्धा. तेवढं खाऊन त्या कोंबड्या चालू कशा शकत होत्या, देव जाणे.

यंदा आमच्या वरच्या रस्त्यालाही भुयारी गटार आलं. खोदाई सुरू झाली त्याच दिवशी यांनी दोन्ही आळ्यांत पेढे वाटायला लावले. अंबूबाईंकडे जास्तच. मग गोरख मिस्त्री आला, त्यानं पाण्याची नळी धरून लेव्हल बघितली आणि डोकं खाजवायला लागला. आमचं जोतं रस्त्याच्या खाली!

"पानी काय जिना चढतंय व्हय, काकू? हितनं ढाळच मिळत न्हाई. मिळंल तो अंबूबाईंच्या अंगणातनं, खालच्या आळीच्या चेंबरात."

यांचा चेहरा उतरला. दुसरा पावसाळा तोंडावर आलेला. आणि अंबूबाईंच्या अंगणात नवीकोरी शहाबादी फरशी. नात स्नेहल हिची हळद जवळ आली होती, तिच्यासाठीच हौसेनं बसवलेली.

"विचारायचं नाही," हे म्हणाले. "त्या बाईंकडून अजून किती घ्यायचं?"

मलाही तोंड उघडवेना. पेढे वाटून बसलो होतो, ते वेगळंच. गोरख मात्र जाता जाता अंबूबाईंच्या ओट्यावर चहाला टेकला आणि सगळं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणखण ऐकू आली. जाऊन पाहते तर अंबूबाई स्वतः पहारीनं फरशी उचकटतायत आणि त्यांचा मुलगा बंडू कपाळाला हात लावून उभा.

"आये, हळद तरी होऊ दे की!"

"तवर पाऊस थांबंल व्हय तुझ्यासाटी?" त्याला गप्प करून त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, तोंड का पाडलंय? गटाराचा पेढा खाल्लाय म्या. खाल्ल्या पेढ्याला जागाय नगं?"

मी तिथंच उभी राहून रडले. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं या बाईनं केलंय, आणि मी तिच्या आवाजाला नावं ठेवत बसले होते.

पाईप पडला. टँक उपसून, मुरूम भरून बुजवला. फरशी परत बसवली, पण काही तुकडे फुटलेच, तिथं सिमेंटचा पट्टा दिसतो.

हळदीला हिर्डोशीहून टेम्पो भरून माणसं आली. एका संडासावर कुठलं भागायला? मी निरोप दिला, आमच्याकडे पाठवा. हे मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगत सुटले, "या, या! पाणी भरपूर ओता!" पाहुण्यांना एवढ्या आग्रहानं यांनी कधी जेवायलाही वाढलं नव्हतं.

दुपारी अंबूबाईंवरही आमच्याकडे यायची वेळ आली. कोपरापर्यंत हळद माखलेली. यांना दाराशी बघून थबकल्या, पदर सावरला, मान खाली घातली. अख्ख्या आळीला ऐकू जाणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना.

हे खुर्चीतून उठले. वॉकर वळवला.

"अंबूबाई, मी जरा पुढं कोंबड्यांना दाणे टाकून येतो," म्हणाले, आणि सावकाश घराच्या पुढच्या बाजूला गेले.

आमच्याकडे एकही कोंबडी नाही.