बाभळीतल्या पऱ्हाट्या

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आर्वीत प्लॉटची साथ आली होती. ज्याच्याकडे म्हणून शेत होतं, तो त्यात चुन्याच्या रेघा मारून लेआऊट पाडत सुटला. मी शाळेत भूगोल शिकवायचो. पृथ्वीवरच्या सगळ्या नद्या माझ्याच परवानगीने वाहतात असा माझा समज होता, आणि सतत बोलून बोलून तो मी इतरांचाही करून दिला होता. नाल्याकाठी शेत असलेल्या एका पाटलाने हे बरोबर हेरलं.

"गुरुजी, तुमी एक डाव जागा पाहून घ्या. तुमी हो म्हनलं का चौदा मास्तर डोये मिटून येतात. नाल्याकडचा कॉर्नर तुमच्यासाठी सोडला."

आम्ही पंधराही मास्तर बदलून आलेले, गावात नवे. कॉर्नरची माती लोण्यासारखी काळी. बायकोने तर मनातल्या मनात तिथे लिंबू, कढीपत्ता लावून दोन म्हशीही बांधून टाकल्या.

मे महिन्यात मी पाहणीला गेलो. ऊन असं की नाल्यातले दगड सावलीकडे सरकत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाणी म्हणाल तर चिमणीची चोच भिजली नसती. मी टेप लावला, काठी रोवली, काठाची उंची मोजली आणि पाटलाला म्हणालो, "इथे पूर यायचा तर समुद्राला आधी एसटीने आर्वीला यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य चौदाही मास्तरांना पाठ होतं. शनिवारी सगळे कागदावर सह्या करणार होते.

शुक्रवारी बायकोला जागा दाखवायला नेलं. नाल्याकाठच्या बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. मी वर बोट दाखवून बायकोला म्हणालो, "हे पाहा, प्रत्येक झाडावर कावळ्याचं घरटं. पाखरं राहतात तिथे धोका नसतो."

म्हातारी म्हणाली, "गुर्जी, तुमचा कावळा पऱ्हाटीचं घर बांधते काय?"

मी निरखून पाहिलं. कापसाची वाळलेली झाडं, मुळांसकट, फांद्यांच्या बेचक्यांत गच्च बसलेली. माझ्या डोक्याच्या हातभर वर. आमच्या मुलखात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून जळणासाठी बांधाला रचतात, हे दुसरीतलं पोरही सांगेल.

"त्यायले वर कोनं नेलं, माय?"

"नाल्यानं. दोन वर्साआधी पाटलाचा अख्खा ढीग वाहून गेल्ता. पानी उतरलं, ह्या रायल्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अजी, चौदा घरं तुमच्या तोंडाच्या भरवशावर बांधून राह्यले. जा अन् सांगा."

एरवी घोड्यापुढे धावणारी माझी जीभ पाटलाच्या दारापर्यंत बैलगाडीमागून फरफटत आली. मी सांगितलं.

"काल-परवापर्यंत तं समुद्र एसटीत बसाचा होता," पाटील म्हणाला.

"पाटील, बाभळीतल्या पऱ्हाट्या तुमच्याच आहेत."

ढीग गेलेला त्याला चांगला आठवत होता. फक्त चुन्याच्या रेघा मारताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी लेआऊटचा नकाशा उचलून उलटा धरला. प्लॉट वरच्या मुरमाड बरडावर, नाल्याकडे सारी मोकळी जागा. पाटील बराच वेळ तंबाखू मळत राहिला. माझ्या 'हो'वर येणारे चौदा मास्तर माझ्या 'नाही'वर जाणारही होते, हा हिशेब त्याला कळत होता. शेवटी त्याने मान हलवली.

शनिवारी चौदा मास्तरांनी चौदा बरे प्लॉट उचलले. मला शिक्षा म्हणून शेवटी ठेवलं. उरला तो अस्सल काळा दगड. पाया खणताना सब्बल अशी ठिणग्या उडवी की अर्धी आर्वी त्यावर विड्या पेटवून गेली. चौथ्या दिवशी तळहातावरचे फोड फुंकत मी बायकोजवळ बसलो आणि त्या कॉर्नरच्या मातीची आठवण काढली.

"इथं पऱ्हाटी येईन काय वाहत?" तिने विचारलं.

"नाई."

"मंग खणा."